रडायला जागा कुठे? आणि या महिन्याचे आणखी काही प्रश्न

मे २०२०, कोरोनाचा लॉकडाऊन. वाचकांच्या प्रश्नांच्या या सदरात यावेळी एकही पोस्टकार्ड नाही. सगळे प्रश्न फोनवर आले, काही तर बोलून पाठवलेले, मागे कुकरच्या शिट्ट्यांसकट. अंकही यंदा कागदावर निघणार नाही, तुमच्या फोनवरच येईल. मी डोंबिवलीत, दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले आहे. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल बंद आहेत. चौतीस वर्षं बँकेत जायला ८.१४ पकडली, त्यामुळे सकाळी आठ वाजले की कान अजून भोंग्याची वाट बघतात. असो. परवा लॉकडाऊन १७ मेपर्यंत वाढला, तेव्हा वेळच वेळ आहे. बसू या उत्तरं द्यायला.

प्रश्न : आमच्याकडे दोघी येतात, एक भांडी-लादीला आणि एक पोळ्यांना. मार्चमध्येच सोसायटीने बाहेरच्यांना बंदी केली. मार्चचा पगार दोघींना पूर्ण दिला. एप्रिलच्या पगारावरून घरात वाद आहे. यांचं म्हणणं, काम नाही तर पगार कसला? यांचाही पगार तीस टक्के कापलाय. ‘मी दोन्ही वेळा भांडी घासतेय, मग माझा पगार कुठाय?’ असं विचारलं, तर नुसते हसले. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : हसले ना? मग आज संध्याकाळची भांडी त्यांना द्या. कढईसकट.

आता पगाराचं. त्या दोघी रजेवर गेलेल्या नाहीत. गेटवर नोटीस लावून आपण त्यांना थांबवलंय. बँकेत असताना आमचा एक साधा नियम होता : शाखा आमच्या कारणाने बंद राहिली, तर शिपायाचा दिवस कापायचा नाही. तोच इथे लावा. यांचा पगार खरोखरच तीस टक्के कापला गेला असेल आणि घर ओढाताणीत चालत असेल, तर त्या दोघींचाही फार तर तेवढाच कापा. पण तो फोन करून, कारण सांगून कापा. गप्प राहून नाही. त्या बायका घरी बसून आपल्या फोनची वाट बघत असतात आणि आपण ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणत असतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. एप्रिलच्या १ तारखेला मीही दोन दिवस गप्पच बसले होते. कारण काय, तर ‘पैसे पोचवायचे कसे?’ आमच्या मावशींकडे बटणांचा फोन, आणि त्यांचं खातं गावाकडच्या बँकेत. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. पैशाचं नाव नाही. ‘ताई, तुमच्या गुडघ्याचं तेल संपलं असंल ना?’ एवढंच विचारलं. फोन ठेवल्यावर माझी मलाच शरम वाटली. मग वाट शोधली आणि ती अर्ध्या तासात सापडली. त्यांच्या चाळीखालच्या वाण्याचा नंबर मिळवला, माझ्या फोनवरून त्याच्या खात्यात पूर्ण पगार टाकला. त्याने निम्मे रोख त्यांच्या हातावर ठेवले, निम्म्याचा किराणा दिला. तेल, तूरडाळ, साबण, चहा असं सगळं त्याने यादीसकट मला फोटो काढून पाठवलं. यादीत शेवटी पाच रुपयांचा एक बिस्किटपुडा होता आणि त्यापुढे वाण्याने लिहिलं होतं : ‘हा माझ्याकडून.’

कुणी म्हणेल, त्यांना रेशनवर धान्य मिळतंय की. मिळतंय. ज्यांची कार्डं अन्नसुरक्षा योजनेत बसतात त्यांना एप्रिल ते जून २०२० माणशी ५ किलो तांदूळ फुकट आहे. केशरी कार्डवाल्यांना याच मे-जूनसाठी माणशी ३ किलो गहू ८ रुपयांनी आणि २ किलो तांदूळ १२ रुपयांनी आहे. पण कार्ड गावाला असेल तर? आणि नुसता भात शिजवायला गॅस लागतो, खोलीचं भाडं तांदळात देता येत नाही. तेव्हा ‘धान्य मिळतंय’ हे आपल्या पगार न देण्याचं उत्तर होऊ शकत नाही.

प्रश्न : पिंपरीत एका कारखान्यात नोकरी आहे. घराचं २५ लाख कर्ज शिल्लक, अजून १५ वर्षं. शेजारी सांगतात तीन महिन्यांचे हप्ते माफ झालेत, बँकेचा मेसेजही आला. हप्ता थांबवू का? पगार सध्या येतोय, पुढचं काही खरं नाही. (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : शेजाऱ्यांना सांगा, माफ काहीही झालेलं नाही. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० ला सांगितलं ते इतकंच, की १ मार्च ते ३१ मेपर्यंतचे हप्ते पुढे ढकलायची मुभा बँकांनी द्यावी. व्याज चालूच राहतं. तुमच्यापुरता हिशोब मांडून दाखवते, जुनी सवय आहे. व्याज साडेआठ टक्के धरलं तर तुमचा हप्ता साधारण २४,६०० रुपये. तीन महिने काहीच भरलं नाहीत तर सुमारे ५३,५०० रुपये व्याज मुद्दलात जाऊन बसेल. हप्ता तेवढाच ठेवला तर १८० ऐवजी १८८ हप्ते भरावे लागतील. म्हणजे आज तीन हप्त्यांची उसंत आणि शेवटी आठ हप्ते जादा. मी हे तीनदा ताडून बघितलं, कारण पहिल्यांदा माझाही विश्वास बसला नाही.

म्हणून पगार येतोय तोवर हप्ता भरा. उद्या पगार थांबला तर मात्र बेलाशक सवलत घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि त्याने तुमच्या कर्जाच्या नोंदीवर डागही पडत नाही. घरात रोख असणं त्यावेळी महत्त्वाचं. आणि एक. ‘हप्ता थांबवून देतो, ओटीपी सांगा’ म्हणून कुणी फोन केला तर फोन ठेवून द्या. हप्ता थांबवायला ओटीपी सांगावा लागत नाही. खातं रिकामं करायला लागतो.

प्रश्न : माझे वय ७१. सौ. सर्व भाज्या कपडे धुण्याच्या पावडरीत भिजवते. काल मेथीच्या भाजीला फेस आला. बोलायची सोय नाही. आपण बायकांचे ऐकतात म्हणून आपल्याकडे दाद मागतो. (एक त्रस्त वाचक, नाशिक)

उत्तर : आजोबा, अंक वहिनींना वाचायला द्या, हे त्यांच्यासाठी आहे.

वहिनी, पावडर कपड्यांसाठी असते, ती मेथीच्या पानात शिरते आणि पोटात जाते. वाहत्या नळाखाली भाज्या नीट चोळून धुवा, साबण हातांना लावा, पिशवी उन्हात टाका. पुरे. तुम्हाला हसायचा मला अधिकार नाही. मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोथिंबीर पोटॅशच्या पाण्यात टाकली आणि विसरले, ती जांभळ्या-काळ्या रंगाची होऊन निघाली. त्याच आठवड्यात दूधवाल्याने परत दिलेल्या नोटा मी इस्त्रीने शेकत होते. दोनशेची एक नोट कडेने तपकिरी झाली. आयुष्यभर नोटा मोजलेल्या बाईने नोट भाजली! आमचे हे ती नोट पाकिटात वेगळी ठेवतात आणि कुणाचा व्हिडिओ कॉल आला की दाखवतात.

आणि आजोबा, भाजी आणायला गेटवर रोज तुम्हीच जाता का? सत्तरीच्या वर आहात. उद्यापासून शेजारच्या एखाद्या पोराला सांगा. वहिनींची पावडर त्या काळजीतूनच येत असणार.

प्रश्न : यीस्ट कुठेच मिळत नाही. घरी ब्रेड कसा करू? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पोळी करा.

प्रश्न : ११ एप्रिलला माझे बाबा गेले. गाव राजापूर तालुक्यात. आजार जुनाच होता, हा नव्हे. भाऊ म्हणाला, येऊ नको, आलीस तर चौदा दिवस शाळेत वेगळं ठेवतील, तोवर सगळं उरकलेलं असेल. व्हिडिओ कॉलवर दाखवत होता, पण बाबांना अंगणातून बाहेर काढताना रेंज गेली. इथे कांदिवलीत आमचं वन रूम किचन, माणसं सहा. हे ओट्याशेजारी लॅपटॉप घेऊन, दीर कॉटवर, मुलांची ऑनलाइन शाळा. सासूबाई चांगल्या आहेत, पण मी रडले की त्या रडतात, मग मुलगी घाबरते. म्हणून मी रडतच नाही. बाबा गणपतीत आले होते तेव्हा त्यांची छत्री इथेच विसरली, ती दारामागे टांगलेली आहे. भांडी घासताना समोर दिसते. ताई, मला रडायला जागा नाही. हे लिहितानाही लाज वाटते. (एक वाचक, मुंबई)

उत्तर : बाई, तुमची चिठ्ठी मी चार दिवस बाजूला ठेवली होती. इतरांना हिशोब मांडून देता येतो, इथे मांडण्यासारखं काही सापडेना. तुम्ही जागेबद्दल विचारलंत, तर जागेबद्दलच सांगते.

माझी आई १९८७ साली गेली. तेव्हा आम्ही चाळीत दोन खोल्यांत आठ माणसं होतो. नळाला पाणी पहाटे पाच ते सहा यायचं. मी मोरीत जाऊन नळ पूर्ण सोडायचे आणि त्या आवाजात रडून घ्यायचे. रडायचं तेही पाण्याच्या वेळेत! एकदा सासूबाईंनी बाहेरून विचारलं, ‘बादली भरली का गं?’ मी म्हटलं, ‘भरतेय.’ बादली केव्हाच वाहत होती, ते त्यांना आवाजावरूनच कळलं असणार. दुसऱ्या दिवसापासून कुणी आंघोळीची घाई केली की त्या दाराशी उभं राहून सांगायच्या, ‘थांबा जरा, ती बादली भरतेय.’ असं महिनाभर चाललं. या विषयावर आम्ही दोघी कधी एक शब्द बोललो नाही.

तुमच्या सासूबाई तुमच्याबरोबर रडतात, म्हणजे त्यांना सांगता येण्यासारखं आहे. सांगा, ‘आई, मला रोज अर्धा तास मोरी हवी. मुलीला तेवढा वेळ तुमच्याजवळ घ्या.’ यांनाही सांगा. त्या अर्ध्या तासात मीटिंग असेल तर जिन्यात बसून करतील. मुलीला खोटं सांगू नका. आजोबांची आठवण आली की आई रडते आणि मग बाहेर येऊन चहा करते, हे तिने दोन-चारदा पाहिलं की भीती जाईल.

दुसरं, भावाला फोन करा. व्हिडिओ नको, साधा फोन. रेंज गेल्यानंतर काय झालं ते विचारा. खांदा कोणी दिला, कुठल्या वाटेने नेलं, ऊन होतं का, मागे घरात कोण थांबलं. अंत्यविधीला परवानगी वीसच माणसांची होती, तेवढीही जमली असतील की नाही कोण जाणे. सगळं त्याने जवळजवळ एकट्याने ओढलंय आणि त्यालाही ते कुणाला सांगता आलेलं नसेल. तुम्हाला जे दिसलं नाही ते त्याच्या तोंडून ऐका. मध्ये तो थांबला तर थांबू द्या, फोन ठेवू नका.

छत्री दारामागून काढा. तिच्याकडे बघत भांडी घासू नका. गणपतीपासून टांगलेली छत्री आहे, काड्यांना गंज धरला असेल, तर खोबरेल तेलाचं बोट फिरवा आणि उघडून एक दिवस वाळवा. गावाला जायची वाट मोकळी होईल तेव्हा कोकणात पाऊस लागलेला असेल, छत्री लागेलच.