बोट दाखवलं तरी काऊ दिसेना

पत्र थोडक्यात असं:

"मावशी, माझा मुलगा दोन वर्षं आठ महिन्यांचा आहे. कराडजवळच्या गावात आमचं एकत्र कुटुंब आहे. तो अजून 'आई' म्हणून हाक मारत नाही, पण टीव्हीवरची जाहिरात सुरात अख्खी म्हणतो. नावानं हाक मारली तर वळत नाही आणि आतल्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला तर धावत येतो. डब्याचं झाकण फिरवत तास-तास बसतो. काही हवं असलं की माझा हात धरून फ्रिजच्या दांडीवर नेऊन ठेवतो, तोंडाकडे बघतसुद्धा नाही. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, 'एकदा दाखवून घ्या.' सासूबाई म्हणतात, 'ह्याचा बापही साडेतीन वर्षांनी बोलला.' ह्यांचं म्हणणं, एकदा शिक्का बसला की निघत नाही, पाच वर्षांचा होऊ दे. जाऊबाई म्हणतात मोबाइलमुळे झालंय, म्हणजे माझ्यामुळेच. माहेरी जाते असं सांगून मी त्याला पुण्याला तपासून आणू का?"

अगं, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. लपवून नेऊ नकोस. पाप लागेल म्हणून नव्हे, जमणार नाही म्हणून. तुझ्या मनातली शंका स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची आहे, आणि ती तपासणी एका फेरीत संपत नाही. डॉक्टर बापालाही विचारतात, आजीलाही विचारतात. पहिल्यांदा माहेर सांगशील, दुसऱ्यांदा काय सांगशील? शिवाय पुढे जे काही करायचं ते घरातच करायचंय, याच माणसांमध्ये.

पण सगळ्यांनी होकार द्यावा म्हणून थांबूही नकोस. एकत्र कुटुंबात सगळ्यांचा होकार फक्त हळदीच्या जेवणाला मिळतो.

मधला रस्ता आहे. घरात म्हण, "हाक मारली तरी बघत नाही, कान तपासून घेऊ या." हे खोटं नाही. बोलायला उशीर झालेल्या मुलाची पहिली तपासणी कानांचीच करतात. तू म्हणशील, बिस्किटाचा पुडा ऐकू येतो की! ऐकू येतो, पण काही मुलांना ठरावीक पट्टीतलेच आवाज कमी येतात, काहींच्या पडद्यामागे पाणी साचलेलं असतं. घरबसल्या ते कळत नाही. बेरा नावाची तपासणी असते: मूल झोपलेलं असताना कपाळावर आणि कानामागे छोट्या तारा चिकटवतात, कानात टक-टक आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत काय पोचतं त्याचा आलेख निघतो. दुखत नाही. मूल झोपायला हवं, एवढीच कटकट. म्हणून त्या दिवशी त्याला पहाटेच उठव आणि गाडीत डुलकी लागू देऊ नकोस, नाहीतर तिथं पोचल्यावर टक्क जागा. कान तपासायला तुझे यजमान नाही म्हणणार नाहीत. एकदा डॉक्टरांच्या खोलीत तिघं बसलात की पुढचं बोलणं तिथूनच निघेल.

आता काऊचा घास. तू त्याला ओट्यावर बसवून भरवत असशीलच. "तो बघ काऊ" म्हणून बोट दाखवलंस की तो कुठं बघतो? वर्ष-सव्वा वर्षाचं मूल बोटाच्या दिशेनं कावळा शोधतं, मग वळून तुझ्याकडे बघतं, 'मलापण दिसला' असं डोळ्यांनी सांगतं. काही दिवसांनी ते स्वतःच बोट दाखवतं. हवं म्हणून नाही, नुसतं तुला दाखवायचं म्हणून. चंद्र, कुत्रा, एसटी, काहीही. शब्द नंतर येतात, त्याआधी ही देवाणघेवाण सुरू झालेली असते. तुझ्या मुलाच्या बाबतीत मला शब्दांपेक्षा याची काळजी वाटते. बोटाकडेच बघत असेल, काऊकडे नाही, तर तेही त्यातलंच. तुझा हात वापरतो, तुला मागत नाही. जाहिरात म्हणता येते, म्हणजे जीभ-गळा चालतो आहे. बोलणं कुणासाठी असतं, हे अजून उमगलेलं नाही.

सासूबाई खोटं बोलत नाहीत. उशिरा बोलणारी मुलं असतात, पुढं वकील होतात. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांना विचार: "आई, हे बोलत नव्हते तेव्हा काही हवं असलं तर कसं मागायचे? तुमच्या मागे-मागे फिरायचे का? नवीन खेळणं आणून दाखवायचे का?" नुसतं उशिरा बोलणारं मूल तोंड सोडून बाकी सगळ्यानं बोलतं. आजीला आठवायला लावलंस की तीच फरक सांगेल. आणि सांगताना कुठंतरी थांबेल.

मी तुला हे एवढं ठासून सांगते आहे, कारण मी एकदा उलटं सांगितलंय. मी बालवाडीत शिकवत होते तेव्हाची गोष्ट. एक मुलगा वर्गाबाहेरच्या सगळ्यांच्या चपला रोज जोडीनं, एका रेषेत लावायचा. एखादी हलली की आकांत. आम्ही बायका म्हणायचो, किती व्यवस्थित आहे, नाहीतर आमची! त्याची आई विचारायला आली तर मीच म्हटलं, "मुलगे उशिराच बोलतात हो." त्याला सातव्या वर्षी दाखवलं. त्या बाईंनी मला कधी बोल लावला नाही, पण बाजारात दिसल्या की मी रस्ता बदलते.

कुठं जायचं? अंगणवाडीच्या ताईंचं म्हणणं उडवून लावू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरातूनच सुरू झाला. त्याचं पथक मुलं तपासायला अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायला हवं. पुढची भेट कधी आहे ते ताईंना विचार आणि त्यांच्याकडून चिठ्ठी घे. चिठ्ठी मिळते जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, बोलीत 'डीईआयसी'. मुलांच्या वाढ-विकासातल्या अडचणी लवकर तपासणारं हे सरकारी केंद्र साधारण सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात असतं. तुला साताऱ्यात चौकशी करावी लागेल. पैसे लागत नाहीत, पण वेळ लागतो. पुण्या-मुंबईला जायचं ठरलं तर 'डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन', म्हणजे मुलांच्या वाढ-विकासाचे डॉक्टर, किंवा मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ विचार. मुंबईत उम्मीद, पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटर अशा संस्था वर्षानुवर्षं हेच काम करताहेत. रांग मोठी असली तर दोन्हीकडे नाव लाव. जिथं आधी नंबर लागेल तिथं जा.

इंटरनेटवर वीस प्रश्नांची एम-चॅट नावाची यादी सापडेल, कदाचित तू रात्री भरलीही असशील. ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे. तुझा ३२ महिन्यांचा. आणि त्या यादीनं निदान होतही नाही, पुढं तपासायला हवं का एवढंच कळतं. आपल्याकडच्या डॉक्टरांकडे दोन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी भारतात बनलेली आयएनडीटी नावाची निदानाची पद्धत आहे, शिवाय स्वमग्नता किती आहे ते मोजणारी ४० मुद्द्यांची 'इसा' मोजपट्टी. रक्त तपासून किंवा एमआरआय काढून स्वमग्नता कळत नाही. दुसरं काही असल्याची शंका आली तरच ते करतात. मूळ तपासणी म्हणजे तुला तासभर प्रश्न आणि त्याच्याबरोबर जमिनीवर बसून खेळ: साबणाचे फुगे, चेंडू, गाडी, बाहुलीला खोटा-खोटा चहा. फुगे संपल्यावर तो "अजून" कसं सांगतो, हे ते बघत असतात. कुणी टेबलापलीकडूनच पाच मिनिटांत 'आहे' किंवा 'नाही' म्हणालं, तर ते उत्तर घरी आणू नकोस.

खोलीत गेल्यावर मूल नेहमीसारखं वागत नाही, आणि आईला ऐनवेळी काही आठवत नाही. म्हणून मोबाइलवर दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढून ठेव: हाक मारताना, जेवताना, झाकण फिरवताना, चुलतभावंडांत असताना. पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ असेलच. तो नीट बघ. तेव्हा हाकेला वळायचा का? टाटा करायचा का? येत होतं ते गेलं असेल, तर हे डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगायचं. जन्माची फाइल घे: किती आठवड्यांचा, वजन किती, लगेच रडला का, पेटीत ठेवला होता का. लसीकरणाचं कार्डही. आणि ते बघून कुणी 'लसीमुळे झालं' म्हणालं तर ऐकू नकोस. तो दावा ज्या १९९८ च्या लेखातून पसरला, तो लेख छापणाऱ्या नियतकालिकानंच २०१० मध्ये मागे घेतला.

तुझ्या यजमानांची शिक्क्याची भीती मला समजते. त्यांना दोन गोष्टी वेगळ्या करून सांग. डॉक्टरांचा अहवाल तुमच्या घरच्या फाइलमध्ये राहतो. तो कुणाला दाखवायचा हे तुम्ही ठरवायचं. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ही निराळी गोष्ट, ती अर्ज केल्याशिवाय मिळत नाही. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात स्वमग्नता आहे आणि प्रमाणपत्र असेल तर सवलती मिळतात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च उचलते, त्यात थेरपीही बसते. पण घ्यायचं की नाही ते सावकाश ठरवा. आणि शिक्का तर बसलेलाच आहे, ते त्यांच्या लक्षात आलेलं नाही. हट्टी, लाडावलेला, ध्यान नसलेला, हे सगळे शिक्केच की.

पाच वर्षांपर्यंत थांबण्यात तोटा काय, तर ही सव्वादोन वर्षं. या वयात मेंदू सगळ्यात भराभर शिकतो. तपासणीत काहीच निघालं नाही तर तुमचा एक दिवस आणि एसटीचं भाडं गेलं. निघालं आणि उशीर झालेला असला, तर ती वर्षं परत मागता येत नाहीत. स्पीच थेरपी (बोलण्यासाठीची), ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं, खेळ जमावेत म्हणूनची) सुरू करायला निदानाचा कागद हातात पडेपर्यंत थांबावं लागत नाही. बोलायला उशीर आहे, एवढं कारण पुरतं.

जाऊबाईंचं अर्धं बरोबर. मोबाइल बंद कर, आजपासून. जेवतानाचा आधी. पण 'व्हर्च्युअल ऑटिझम', म्हणजे मोबाइलमुळे आलेली स्वमग्नता, हा जो शब्द सगळीकडे फिरतोय, ते काही वैद्यकाच्या पुस्तकातलं निदान नव्हे. 'महिनाभर मोबाइल बंद करून बघू, मग जाऊ' असं करू नका; मोबाइल बंद आणि नंबरही लावलेला, दोन्ही एकदम. आणि 'माझ्यामुळे' हे डोक्यातून काढ. एके काळी अमेरिकेतले मोठमोठे डॉक्टरसुद्धा म्हणत, आया थंड असतात म्हणून मुलं अशी होतात. त्या बायकांनी ते ऐकून घेतलं, वर्षानुवर्षं. साफ चुकीचं होतं.

शेवटी पैशांचं. निदान झालं की बरं करणारे दारात उभे राहतात: सहा महिन्यांत पूर्ण बरा, खात्रीचं पॅकेज, स्टेम सेल (शरीरात मूळ पेशी सोडण्याचा उपचार). राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीनं २०२२ मध्येच सांगितलंय की स्वमग्नतेवर स्टेम सेलची शिफारस करता येत नाही. जमीन गहाण टाकायला लावेल असा कुठलाही उपचार दिसला, तर आधी मला पत्र लिही.

बेराचा रिपोर्ट आला की कळव. आणि त्या दिवशी ते डब्याचं झाकण पिशवीत टाकायला विसरू नकोस, ओपीडीत फार वेळ बसावं लागतं.

तुझी मावशी