आधी मॅक पत्ता ताडून बघ

नेट चालेना म्हणून काल रात्री तू पीएफसेन्स (राउटर-फायरवॉलचं सॉफ्टवेअर) तीनदा नव्याने टाकलंस म्हणे. अरे, थांब जरा! इथे इंदूरला माझ्याही घरी पहिल्या दिवशी हेच झालं होतं. दोष पीएफसेन्सचा नव्हताच, वॅन (बाहेरच्या इंटरनेटची बाजू) आणि लॅन (घरातली बाजू) यांची अदलाबदल झाली होती.

प्रॉक्समॉक्समध्ये, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर तुझं पीएफसेन्सचं व्हर्चुअल मशीन चालतं त्यात, त्या मशीनच्या हार्डवेअर पानावर प्रत्येक नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाची स्वतःची ओळख) दिसतो. तो वहीत लिही, शेजारी ते कार्ड ज्या ब्रिजला (प्रॉक्समॉक्समधल्या आभासी स्विचला) जोडलंय त्याचं नाव. मग पीएफसेन्सच्या कन्सोलवर १ क्रमांकाचा पर्याय घे आणि व्हीटीनेट०, व्हीटीनेट१ (तीच कार्डं, पीएफसेन्सने दिलेल्या नावांनी) यांचे मॅक पत्ते वहीशी ताडून बघ. नावावरून अंदाज बांधू नकोस.

वॅनला आयपी पत्ता मिळतोय, पण नेट नाही? मग मोडेम आणि लॅन दोन्ही १९२.१६८.१.१ वर बसलेत का ते बघ. तसं असेल तर लॅन १०.१०.१०.१ वर हलव.

पिंग जातो पण पानं उघडत नाहीत, तर व्हर्टआयओ कार्डांचा (म्हणजे याच आभासी नेटवर्क कार्डांचा) हा जुना खोडसाळपणा. पीएफसेन्सच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगच्या नेटवर्किंग टॅबमध्ये हार्डवेअर चेकसम ऑफलोडिंग (डेटाची तपासणी कार्डावर सोपवणं) बंद कर, रीबूट कर.

आणि हो, ब्रिजला हात लावण्याआधी होस्टला (प्रॉक्समॉक्स चालतं त्या यंत्राला) मॉनिटर-कीबोर्ड जोडून ठेव; ब्रिज बिघडला तर नेटवर्कवरून तिथे पोचता येत नाही. मी जोडला नव्हता. रविवारचे पोहे-जिलबी समोर गार होत होते आणि मी माळ्यावर मॉनिटर शोधत होतो.