वाचकांचे प्रश्न : व्हेक्टर चित्रात रंगकामाचा भास

प्रश्न : इलस्ट्रेटर या व्हेक्टर (पिक्सेलऐवजी बिंदू-रेषांनी बनणाऱ्या) चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रेडियंट मेश वापरून लाल ढोबळी मिरची काढते आहे. बाह्यरेषा जमते, पण मेश केल्यावर रंगांचे डाग पडतात आणि मधेच सुरकुती आल्यासारखं दिसतं. शंभराच्या वर बिंदू टाकले तरी फरक नाही.

उत्तर : बिंदू वाढवू नका, कमी करा. मेश ही आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते; तिच्या प्रत्येक बिंदूला स्वतःचा रंग असतो आणि तो शेजारच्या बिंदूच्या रंगात हळूहळू मिसळतो. एक बिंदू टाकला की त्यातून निघणाऱ्या रेघा आकाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. देठाजवळच्या छोट्या खाचेसाठी टाकलेला बिंदू मिरचीच्या बुडापर्यंत रेघ ओढत नेतो, वाटेत प्रत्येक छेदावर नवा बिंदू होतो. या नको असलेल्या बिंदूंचे रंग शेजाऱ्यांशी जुळत नाहीत, तेच तुमचे डाग. शिवाय मेश टूलने नुसतं क्लिक केलं की नव्या बिंदूला त्या वेळी निवडलेला फिल (आकारात भरायचा) रंग लागतो. शिफ्ट दाबून क्लिक केलं तर मूळ रंग तसाच राहतो. चुकून पडलेला बिंदू ऑल्ट दाबून क्लिक केल्यास रेघांसकट जातो.

अख्खी मिरची एका मेशमध्ये बसवायचा अट्टहास सोडा. तिचे तीन-चार फुगीर भाग दिसतात. प्रत्येकाला वेगळा मेश, देठाला वेगळा. आणि मेशची सुरुवात वेड्यावाकड्या बाह्यरेषेपासून न करता साध्या आयतापासून करा. आयताला मधला लाल रंग द्या, ‘क्रिएट ग्रेडियंट मेश’मध्ये तीन आडव्या आणि तीन उभ्या ओळी घ्या, मग चारही कोपरे आणि कडेचे बिंदू ओढून फुगीर भागाचा आकार बनवा. उभ्या रेघा देठापासून बुडाकडे, फुगवट्याच्या वळणानेच गेल्या पाहिजेत. कडेला थोडं बाहेर आलं तर क्लिपिंग मास्क (ठरलेल्या आकाराबाहेरचं लपवणारं साधन) आहेच.

सुरकुती पडते ती हँडलमुळे, म्हणजे बिंदूतून निघणाऱ्या आणि रेघेचं वळण ठरवणाऱ्या दांडीमुळे. एका बिंदूचं हँडल पुढच्या रेघेच्या पलीकडे गेलं की तिथला तुकडा स्वतःवर दुमडतो. हँडलची लांबी पुढच्या बिंदूपर्यंतच्या अंतराच्या साधारण एक तृतीयांश ठेवा, रंग सलग वाहतो. बिंदू सरकवताना मेश टूलनेच शिफ्ट दाबून ओढला तर तो आपल्या रेघेवरून ढळत नाही.

आधी सगळी जाळी बसवा, रंग नंतर. फोटोवरून आयड्रॉपरने रंग उचलत असाल तर आयड्रॉपरच्या पर्यायांत नमुन्याचा आकार 5 × 5 सरासरीवर ठेवा. एकाच पिक्सेलचा रंग उचलला तर फोटोतला दाणाही सोबत येतो आणि शेजारचे दोन बिंदू विनाकारण वेगळे पडतात.

मिरचीवरची खिडकीसारखी चकाकी मात्र मेशमध्ये करू नका. तिच्यासाठी वर वेगळा आकार काढा. जवळून पाहिलं तर चकाकीची एक कड धारदार असते आणि दुसरी लाल रंगात विरघळते. धारदार बाजू तशीच ठेवा, विरघळणारी बाजू ग्रेडियंटने (टोकापासून टोकापर्यंत हळूहळू बदलणाऱ्या रंगाने) पारदर्शक करा. त्या ग्रेडियंटची दोन्ही टोकं एकाच रंगाची हवीत, फक्त एकाची ओपॅसिटी (अपारदर्शकता) शून्य. टोकाला वेगळा रंग राहिला तर मधे मळकट पट्टा उमटतो.

प्रश्न : माझी चित्रं गुळगुळीत होतात, पण प्लॅस्टिकची वाटतात. ब्रशने रंगवल्यासारखी का दिसत नाहीत?

उत्तर : कारण बहुधा सगळ्या कडा सारख्याच मऊ आहेत. रंगवलेल्या चित्रात कडा तीन प्रकारच्या सापडतात: धारदार, मऊ आणि हरवलेली, म्हणजे जिथे वस्तू सावलीत मिसळून जाते. सरसकट ब्लर (धूसर करणारा परिणाम) लावला की हा फरकच पुसला जातो.

महिनाभर हा सराव करा. एकच वस्तू, एकाच बाजूचा प्रकाश, ग्रेडियंट बंद. फक्त पाच राखाडी छटांचे सपाट आकार एकावर एक ठेवून वस्तू उभी करायची. डोळे किलकिले करून पाहिल्यावर ती गोल दिसली नाही तर चूक छटांमध्ये आहे; टूल बदलून ती जाणार नाही. दिसली, की मग मोजक्या कडा मऊ करा. एका आकारापासून दुसऱ्यापर्यंतचे मधले टप्पे आपोआप बनवणारं ब्लेंड टूल त्यासाठी उत्तम: दोन आकारांमध्ये 8 ते 12 टप्पे ठेवले तर टप्पे किंचित जाणवतात आणि ब्रशच्या फटकाऱ्यासारखे दिसतात. त्यातला रंग सलग मिसळणारा ‘स्मूथ कलर’ पर्याय निवडलात तर पुन्हा प्लॅस्टिक.

सावलीसाठी काळा रंग मल्टिप्लायमध्ये (खालचा रंग गडद करणाऱ्या मिश्रण-पद्धतीत) टाकणं हे दुसरं कारण. रंग मरतो. लाल वस्तूची सावली गडद किरमिजी किंवा जांभळट घ्या. आणि काम करताना 800 टक्क्यांवर झूम करून बसू नका. दर काही मिनिटांनी चित्र अंगठ्याएवढं करून बघा.

प्रश्न : शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन आकारांमध्ये केसासारखी पांढरी रेघ दिसते. कडा तंतोतंत जुळलेल्या आहेत.

उत्तर : तंतोतंत जुळल्या म्हणूनच दिसते. कडेच्या पिक्सेलचा अर्धा भाग एका आकाराने झाकला, उरलेला अर्धा दुसऱ्याने. पण सॉफ्टवेअर दुसरा आकार पहिल्यावर 50 टक्के पारदर्शक असल्यासारखा मिसळतं, त्यामुळे एकूण 75 टक्केच झाकलं जातं आणि 25 टक्के पार्श्वभूमी डोकावते. खालचा आकार वरच्याखाली दोन-तीन पिक्सेल सरकवा, किंवा सगळ्याच्या तळाशी वस्तूच्या मधल्या रंगाचा एक अखंड आकार ठेवा. खरीच फट आहे का, हे झूमवरून कळतं: झूम वाढवल्यावर रेघ रुंद झाली तर फट, केसाएवढीच राहिली तर वरचं कारण.

प्रश्न : छपाईत ब्लर चौकोनी-चौकोनी आला. व्हेक्टर असून असं का?

उत्तर : ब्लर हा पिक्सेलचाच परिणाम आहे. इलस्ट्रेटरमध्ये ‘डॉक्युमेंट रास्टर इफेक्ट्स सेटिंग्ज’ दर इंचाला 72 पिक्सेलवर असेल. छपाईसाठी 300 करा, आणि तेही काम सुरू करण्याआधी. इंकस्केप या दुसऱ्या व्हेक्टर सॉफ्टवेअरमधून पीडीएफ काढताना फिल्टरचं रिझोल्यूशन आपोआप 96 असतं, तिथेही 300 लिहा.

प्रश्न : फोटो आपोआप ट्रेस करून (सॉफ्टवेअरकडून व्हेक्टर आकारांत बदलून घेऊन) सुरुवात केली तर?

उत्तर : शिकण्यासाठी नको. ट्रेसला प्रकाश कळत नाही, फक्त रंगाचे ठिपके कळतात. हजारो बिंदूंचे तुकडे हाती येतात आणि एकही कड आपल्या मनासारखी हलवता येत नाही. फोटो खालच्या लॉक केलेल्या लेअरवर ठेवा, ओपॅसिटी 50 टक्के करा आणि पेन टूलने स्वतः काढा. बिंदू वळणाच्या टोकावर, मधे नाही.

प्रश्न : इंकस्केपमधला मेश वेबपानावर दिसत नाही.

उत्तर : ब्राउझर मेश ग्रेडियंट ओळखत नाहीत, वेबवरच्या व्हेक्टर चित्रांच्या एसव्हीजी 2 या मानकाच्या मसुद्यातून तो वगळला गेला. चित्र दिसायचं त्याच्या दुप्पट आकाराचं पीएनजी एक्स्पोर्ट करून तेच वापरा, मूळ एसव्हीजी दुरुस्तीसाठी जपून ठेवा.