ट्रेलर जोडला की पिकअप मागून बसते, पाटा वाढवू की एअरबॅग टाकू?

प्रश्न: माझ्याकडे पिकअप आहे, मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत. ट्रेलर भरून साधारण 2000 किलोचा होतो, तो जोडला की मागची बाजू तीन इंच तरी खाली बसते, रात्री समोरचे सगळे डिपर मारतात आणि स्टीअरिंग पण हलकं लागतं. मेकॅनिक म्हणतो एक पाटा वाढव, मित्र म्हणतो एअरबॅग टाक, म्हणजे मागच्या सस्पेन्शनला आधार देणारी हवेची पिशवी. काय करू?

उत्तर: दोन्ही थांबवा जरा. आधी वजनकाट्यावर जाऊन या. नुसत्या पिकअपचं वजन करा, मग ट्रेलर जोडून ट्रेलरची चाकं काट्याच्या बाहेर ठेवून परत करा, जो फरक येईल ते बॉलवर (पिकअपच्या मागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकतो त्यावर) पडणारं वजन, म्हणजे टंग वेट. ते भरलेल्या ट्रेलरच्या 10 ते 15 टक्के असावं, म्हणजे तुमच्याकडे 200 ते 300 किलो. यापेक्षा जास्त असेल तर सामान पुढे जास्त भरलंय, थोडं मागे सरकवा, फुकटात काम होईल. पण सगळंच मागे लोटू नका हं, टंग वेट फार कमी झालं की ट्रेलर वेगात शेपटीसारखा डोलायला लागतो आणि ते मागून बसण्यापेक्षा कितीतरी वाईट. शिवाय हौद्यात काय काय पडलंय तेही बघा, त्याचाही भार मागच्याच अ‍ॅक्सलवर जातो.

आता स्टीअरिंग हलकं का लागतं ते. बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या बराच मागे असतो ना, तो खाली दाबला की पुढची बाजू उचलली जाते. समजा टंग वेट 250 किलो, बॉल अ‍ॅक्सलपासून 1.2 मीटर मागे आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 3 मीटर, तर पुढच्या चाकांवरचं 100 किलो कमी होतं आणि मागच्यांवर 250 नाही, 350 वाढतात! पुढची पकड कमी म्हणजे वळणं आणि ब्रेक दोन्ही कच्चे. हे पुढचं वजन ना पाट्याने परत येतं ना एअरबॅगने, त्या फक्त मागची उंची वर आणतात. गाडी सरळ दिसते आणि आपल्याला वाटतं प्रॉब्लेम सुटला. गाडीची भार पेलायची मर्यादाही त्याने एक किलोनेसुद्धा वाढत नाही.

त्यामुळे तुमच्यासाठी मी आधी वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे ट्रेलरचा भार वाटून देणारी जोडणी, बघेन. यात दोन स्प्रिंग बार असतात, ते ताणून बसवले की मागच्या अ‍ॅक्सलवरचा काही भार पुढच्या अ‍ॅक्सलवर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर जातो. पण पिकअप आणि ट्रेलर दोन्हींच्या मॅन्युअलमध्ये परवानगी हवी, सगळ्यांना चालत नाही, ट्रेलरला ढकलब्रेक (ट्रेलर पुढे ढकलला गेला की आपोआप लागणारा ब्रेक) असेल तर विशेष तपासा. बसवताना पुढच्या मडगार्डची जमिनीपासूनची उंची ट्रेलर न जोडता मोजून ठेवा, बार ताणल्यावर ती किती परत आली ते बघायचं, किती यायला हवी ते मॅन्युअल सांगेल. मागची बाजू थोडी खाली राहिली तरी चालेल, तिला जबरदस्तीने वर आणायला जाऊ नका.

त्यानंतरही कमी वाटलं तर एअरबॅग. पाट्यापेक्षा मला तीच बरी वाटते, कारण ट्रेलर नसताना हवा कमी करता येते, वाढवलेला पाटा मात्र रिकाम्या गाडीतही रोज दणके देतो. हिच आणि एअरबॅग दोन्ही असतील तर आधी बॅगेत कमीत कमी हवा ठेवून हिच सेट करा आणि मग लागेल तेवढीच हवा भरा, जास्त भरलीत तर मागची बाजू उचलून बार सैल होतात आणि पुढे गेलेला भार परत मागे येतो. आणि हो, गाडी जुनी असेल आणि रिकामी असतानाही मागून बसलेलीच दिसत असेल तर पाटेच थकलेत, ते आधी बदला.

प्रश्न: कडक शॉकअप टाकले तर भागेल का?

उत्तर: नाही. साधे शॉकअप वजन उचलत नाहीत, फक्त उसळी आवरतात. टायरची हवा मात्र थंड असताना तपासा, मागच्या टायरना पूर्ण लोडचा आकडा दाराजवळच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो, तेवढी भरा.