पास रद्द झाला, पुढं काय?

प्रिय बाळ,
आशीर्वाद.

उजळाईवाडीच्या विमानतळावरचा तुझा कामाचा प्रवेश पास रद्द झाला, म्हणून केंद्र सरकारची नोकरीही गेली असं धरून बसू नकोस. पास रद्द होणं हा काही गुन्हा नव्हे. पडताळणी करणारे बघतात ते कारण, आणि ते तुलाही ठाऊक आहे: विसर्जन मिरवणुकीतल्या डॉल्बीवरून मंडळाच्या पोरांवर झालेली केस.

निवड झाली की साक्षांकन नमुना, म्हणजे पडताळणीसाठी स्वतःची माहिती देण्याचा फॉर्म, भरावा लागतो. अटक झाली होती का, खटला चालला का, दंड झाला का, दोषी ठरलास का, काही प्रलंबित आहे का, हे सगळे वेगवेगळे प्रश्न आहेत. एकेक वाचून उत्तर दे. अटक झाली नसेल तर तिथं 'नाही' लिही. पण 'दंड भरला, विषय मिटला' असं मंडळातलं कुणी सांगेल, त्याचं ऐकू नकोस. गुन्हा कबूल करून कोर्टात दंड भरला, तर कायद्यानं ती दोषसिद्धीच. चांगली चांगली पोरं इथंच अडकतात, म्हणून पोटतिडकीनं लिहितोय.

नोकरीच्या फॉर्ममध्ये माहिती लपवण्याबद्दलच्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितलंय की विचारलेली माहिती खरीच द्यायची, मात्र जे विचारलंच नाही ते लपवलं असा ठपका ठेवता येत नाही. तरुणपणी घोषणा दिल्यासारखी किरकोळ बाब सरकार सोडून देऊ शकतं, असंही त्यात आहे. पण खरं लिहिलं म्हणून नेमणूक द्यायलाच हवी, असं नाही. तो धोका उरतो. लपवलेलं सापडलं तर मात्र लागलेली नोकरीही जाऊ शकते, आणि गुन्ह्यापेक्षा ते खोटंच जड जातं.

मागची नोकरी का सुटली याचं कारण विचारलं असेल तर 'वैयक्तिक' लिहू नकोस. 'प्रवेश पास रद्द झाल्यानं काम थांबलं' एवढं पुरे. फॉर्म दिल्यावर केसमध्ये काही नवीन घडलं, तर लगेच लेखी कळवायचं.

कसबा बावड्याच्या कोर्टातून निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढ, एफआयआर आणि दोषारोपपत्रही जोड. कलमं नकलेत आहेत तशीच उतरव, आठवणीवर लिहू नकोस. रविवारी हे सगळं घेऊन अभ्यासिकेत ये. मूळ फॉर्मला हात लावण्याआधी झेरॉक्सवर पेन्सिलनं भरून बघू.

तुझे,
सर