हॅम रस्त्याची बोली, छापील करार आणि वकिलाची फी: साताऱ्याच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बाबा आणि काका पंचवीस वर्षं जिल्हा परिषद आणि पीडब्ल्यूडीची कामं करतायत. आता एका मोठ्या कंपनीने राष्ट्रीय महामार्गाच्या हॅम (हायब्रिड अॅन्युइटी मॉडेल) प्रकल्पात कन्सॉर्शियमचे, म्हणजे एकत्र बोली लावणाऱ्या कंपन्यांच्या गटाचे, भागीदार व्हा म्हणून बोलावलंय. मुंबईच्या एका लॉ फर्मने बोलीआधीच्या कामाचं कोटेशन दिलं आणि घरात सगळ्यांचे डोळे पांढरे झाले. काकांचं म्हणणं, "करार सरकारने छापूनच दिलाय. त्यातला एक शब्द बदलत नाही. मग वकील वाचून करणार काय?"

काकांचं पहिलं म्हणणं अगदी बरोबर आहे. मी सतरा वर्षं याच कामात आहे, आधी बँकांच्या बाजूने आणि नंतर ठेकेदार कंपन्यांच्या. इतक्या वर्षांत छापील सवलत करारातला (कन्सेशन अॅग्रीमेंटमधला) महत्त्वाचा शब्द बोली लागल्यावर बदलून मिळालेला मी पाहिलेला नाही. नियोजन आयोगात गजेंद्र हल्दिया यांनी अशा करारांचा मूळ साचा असलेल्या आदर्श सवलत कराराची घडण केली ती मुळात याचसाठी, की प्रत्येक प्रकल्पाला नव्याने घासाघीस नको आणि सगळ्या बोलीदारांसमोर एकच कागद असावा.

पण म्हणूनच वकील बोलीआधी लागतो. करार तुमच्या हातात नाही, बोलीचा आकडा मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे. कुठला धोका तुमच्या गळ्यात येतोय हे आधी कळलं तर तो आकड्यात धरता येतो, प्री-बिड क्वेरीत (बोलीआधीच्या लेखी शंकांत) विचारता येतो किंवा सरळ नको म्हणता येतं. लेटर ऑफ अवॉर्ड, म्हणजे काम मिळाल्याचं पत्र, हातात पडल्यावर हे तिन्ही रस्ते बंद. त्यानंतर वकिलाकडे गेलात तर तो फक्त भांडायला उपयोगी, आणि भांडण त्या कोटेशनच्या कितीतरी पट महाग पडतं.

हॅमचं गणित तुम्हाला माहीत असेल, तरी घरच्यांसाठी दोन ओळी. बांधकाम चालू असताना प्रकल्प खर्चाच्या 40 टक्के रक्कम सरकार टप्प्याटप्प्याने देतं. उरलेली 60 टक्के तुम्ही भांडवल आणि कर्जातून उभी करायची, आणि ती रस्ता झाल्यावर 15 वर्षं सहामाही हप्त्यांनी व्याजासकट परत मिळते. टोल सरकार घेतं, त्यामुळे वाहनं कमी धावण्याचा धोका तुमचा नाही. सुरुवातीच्या प्रकल्पांत या हप्त्यांवरचं व्याज बँक रेट अधिक 3 टक्के असं होतं, 2020च्या अखेरीस ते बँकांच्या एमसीएलआरला, म्हणजे कर्जाच्या किमान दराला, बांधलं गेलं. हे सांगण्याचं कारण असं, की पुष्कळ लोक जुन्या प्रकल्पाची एक्सेल शीट उचलून नव्या बोलीला वापरतात. तुमच्या आरएफपीसोबत (बोली मागवणाऱ्या कागदपत्रांसोबत) आलेला मसुदाच वाचा, मित्राच्या कंपनीचा नको.

आता ज्या गोष्टीची मला तुमच्या बाबतीत सगळ्यात जास्त काळजी वाटते ती. तुम्ही लिहिलंय, "आमचा वाटा फक्त 26 टक्के, म्हणजे जबाबदारीही तेवढीच ना?" नाही, ताई. बोलीसोबत जो जॉइंट बिडिंग अॅग्रीमेंट जोडावा लागतो त्याच्या नेहमीच्या नमुन्यात फायनान्शियल क्लोजर (कर्जाची पक्की व्यवस्था) होईपर्यंत सगळे भागीदार संयुक्तपणे आणि वेगवेगळेही पूर्ण जबाबदार असतात. मोठ्या भागीदाराने मध्येच अंग काढलं तर महामार्ग प्राधिकरण तुमच्याकडे 26 टक्क्यांसाठी येत नाही, शंभर टक्क्यांसाठी येतं. हे थांबवता येत नाही, पण भागीदारांचा आपसात वेगळा करार करता येतो: कोणामुळे नुकसान झालं तर कोणी कोणाला भरून द्यायचं, बँक गॅरंटी कोणाच्या लिमिटमधून जाणार, ती वटवली गेली तर पुढे काय. हा कागद सरकार मागत नाही, म्हणून बहुतेक जण करतच नाहीत. तुमच्यासाठी लॉ फर्मने एकच गोष्ट करायची असेल, तर हा करार करून घ्या.

दुसरं, बाबांची वैयक्तिक हमी. रस्त्याचं कर्ज एसपीव्ही, म्हणजे फक्त या प्रकल्पासाठी काढलेली कंपनी, घेते, पण बँक प्रवर्तकांच्या हमीसाठी आग्रह धरू शकते, आणि कुटुंबाच्या कंपन्यांकडे तर हमखास धरते. मे 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ललितकुमार जैन प्रकरणात स्पष्ट केलं, की कंपनीच्या कर्जाला हमी देणाऱ्या माणसावर दिवाळखोरी कायद्याखाली स्वतंत्र कारवाई होऊ शकते, आणि कंपनीची पुनर्रचना योजना मंजूर झाली तरी हमीदार आपोआप सुटत नाही. हमी किती रकमेची, कुठल्या तारखेपर्यंत, बांधकाम संपल्यावर सुटणार का, हे टर्म शीटवर (कर्जाच्या मुख्य अटींच्या कागदावर) सही करण्याआधी ठरतं. नंतर बँकेचा साचा येतो आणि "सगळे असंच करतात" एवढंच उत्तर मिळतं. घर, शेत, सात-बारा यांचा प्रश्न आहे. इथे लाजू नका.

याच ओघात एक गैरसमज. फायनान्शियल क्लोजरच्या वेळी बँक एक लॉ फर्म नेमते, बोलीभाषेत एलएलसी (लेंडर्स लीगल काउन्सेल). तिचं बिल तुमची कंपनी भरते. त्यामुळे "वकील आहेत की, परत दुसरा कशाला" असं वाटतं. त्या फर्मचा पक्षकार बँक आहे. मी स्वतः त्या खुर्चीत बसलोय. कर्जदाराला घातक ठरेल असं कलम समोर दिसत असताना ते त्याला दाखवून देणं माझं काम नव्हतं, आणि नियमाने मला ते करताही आलं नसतं. समोरची माणसं मला "आपले वकीलसाहेब" म्हणायची तेव्हा फार अवघड वाटायचं.

जमिनीकडे येऊ, कारण तिथे काकांचं पारडं मुंबईच्या कुठल्याही फर्मपेक्षा जड आहे. अपॉइंटेड डेट, म्हणजे कामाची मुदत जिथून मोजतात तो दिवस, जाहीर व्हायला साधारण 80 टक्के जागा मोकळी मिळालेली असावी लागते. कागदावर हा आकडा छान दिसतो. पण उरलेल्या 20 टक्क्यांत काय असतं? गावातली घरं, विहीर, देवळाचा ओटा, उसाच्या शेतातली पाइपलाइन, पुलाच्या दोन्ही बाजूंचे पोहोच रस्ते. म्हणजे नेमकं तेच, ज्यावाचून सलग काम होत नाही. राष्ट्रीय महामार्ग कायदा 1956 प्रमाणे कलम थ्री-ए म्हणजे जमीन घेण्याचा इरादा, थ्री-डी झालं की जमीन केंद्र सरकारकडे निहित होते, आणि थ्री-ए नंतर एक वर्षात थ्री-डी निघालं नाही तर थ्री-ए गळून पडतं. मोबदला थ्री-जी खाली ठरतो, ताबा थ्री-ई खाली घेतात. वकिलाला गाववार तक्ता करायला सांगा: कुठल्या गटाचं थ्री-डी झालं, मोबदला कुठपर्यंत आला, कुठे कोर्टात अर्ज आहे. मग काका त्या तक्त्यासह गावोगाव फिरून प्रत्यक्ष बघून येऊ देत. कागद आणि शिवार एकत्र वाचले की खरं चित्र दिसतं. उरलेली जागा वेळेत मिळाली नाही तर मुदतवाढ मिळते की तो तुकडा कामातून वगळला जातो, आणि वगळला तर पैशाचा हिशेब कसा होतो, हेही याच तक्त्याशेजारी लिहून घ्या.

करारातला एखादा शब्द किती जड असतो याचं उदाहरण दिल्लीचं आहे. विमानतळ एक्स्प्रेस मेट्रो, 22.7 किलोमीटर. ऑगस्ट 2008 मध्ये दिल्ली मेट्रोने खासगी कंपनीशी सवलत करार केला आणि फेब्रुवारी 2011 मध्ये गाडी सुरू झाली. जुलै 2012 मध्ये बांधकामातल्या दोषांमुळे सेवा थांबली आणि कंपनीने दोष दूर करा म्हणून नोटीस दिली. करारात त्यासाठी 90 दिवस होते. ऑक्टोबर 2012 मध्ये कंपनीने करार संपवल्याची नोटीस दिली. जानेवारी 2013 मध्ये मेट्रो सुरक्षा आयुक्तांच्या मंजुरीने गाडी पुन्हा धावली, पण करार संपला तो संपलाच, आणि वाद लवादाकडे गेला. मे 2017 मध्ये लवादाने कंपनीला सुमारे 2,782 कोटी रुपये आणि व्याज दिलं. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी ते कायम केलं, 2019 मध्ये खंडपीठाने रद्द केलं, सप्टेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभं केलं, फेरविचार याचिका फेटाळली गेली. आणि 10 एप्रिल 2024 रोजी क्युरेटिव्ह याचिकेत (फेरविचारानंतरच्या शेवटच्या उपायात) सर्वोच्च न्यायालयानेच तो निवाडा रद्द करून भरलेले पैसे परत करायला सांगितलं. क्युरेटिव्ह याचिका मान्य होणं किती दुर्मीळ असतं हे कुठल्याही वकिलाला विचारा.

बारा वर्षांचं हे भांडण बऱ्याच अंशी एका शब्दप्रयोगावर फिरलं. करारात असं होतं, की 90 दिवसांत दोष दूर केला नाही किंवा तो दूर करण्यासाठी परिणामकारक पावलं उचलली नाहीत, तर करार संपवता येईल. लवादाने "दोष पूर्ण दूर झाले का" एवढंच पाहिलं. सर्वोच्च न्यायालय शेवटी म्हणालं, की पावलं उचलण्याचा भाग आणि आयुक्तांचं प्रमाणपत्र लवादाने विचारात घेतलंच नाही. तुमच्या करारातही क्युअर पिरियड, म्हणजे दोष दूर करायची मुदत, असेल. तिथे "दूर करणे" लिहिलंय की "पावलं उचलणे", हे पेन्सिलने गोल करून ठेवा.

दुसरं उदाहरण आपल्या मुंबईचं, वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोचं. 2007चा सवलत करार झाला तेव्हा प्रकल्प 1886च्या ट्रामवे कायद्याखाली होता, नंतर तो मेट्रो कायद्याखाली आला. करारात भाडं 9 ते 13 रुपये होतं. जून 2014 मध्ये मेट्रो सुरू होताना कंपनीने मेट्रो कायद्याच्या आधारे 10 ते 40 रुपये लावले, आणि एमएमआरडीएला उच्च न्यायालयात जावं लागलं. कराराच्या पोटातला आकडा एक आणि वरून लागू झालेल्या कायद्याने दिलेला अधिकार दुसरा. तुम्हाला भाडं ठरवायचं नाही, पण "कायद्यातील बदल" हे कलम वाचताना हे आठवा. जीएसटीचा दर, गौण खनिजाची रॉयल्टी, वीज केंद्रांच्या राखेच्या वापराचे नियम, यांतलं काय बदललं तर पैसे मिळतात आणि काय बदललं तर तुमच्याच खिशातून, याचा खुलासा प्री-बिडमध्ये लेखी मागा.

नोटिशीबद्दल एक अनुभव सांगतो. एका कंपनीच्या रस्त्यावर पुराने भराव वाहून गेला. साइट इंजिनिअर मुलगा हुशार होता, त्याने त्याच रात्री फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले, ग्रुपवर प्राधिकरणाचे लोकही होते. सगळ्यांना वाटलं, कळवलं. करारात मात्र दैवी आपत्तीची लेखी सूचना सात दिवसांत, ठरलेल्या पत्त्यावर, परिणामाच्या अंदाजासह द्यायची होती, नाही तर सवलतच नाही. फाइल माझ्याकडे आठ महिन्यांनी आली. पूर खरा होता, नुकसान खरं होतं, फोटोंवर तारीख होती, आणि तरीही प्रत्येक बैठकीत पहिला प्रश्न तोच: सूचना कुठे आहे? त्या मुलाने स्वतःला फार दोष दिला, पण चूक त्याची नव्हती. त्याला ते कलम कोणी दाखवलंच नव्हतं. म्हणून फर्मकडून बोलीच्या अहवालासोबत साइटसाठी दोन पानांचा मराठी तक्ता मागा: काय घडलं की किती दिवसांत कोणाला लिहायचं. मसुदा पत्रांसकट. तो साइट ऑफिसच्या भिंतीवर लावा.

फर्म कोणती, हे तुम्ही विचारलंय. नाव मी देणार नाही, कारण फर्मपेक्षा त्यातला माणूस महत्त्वाचा. बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना जाहिरात करता येत नाही, त्यामुळे चकचकीत वेबसाइट किंवा कुठली तरी क्रमवारी यांवर जाऊ नका. भेटीत विचारा: आमचा करार प्रत्यक्ष कोण वाचणार, फर्मचा भागीदार की दोन वर्षांचा असोसिएट? याआधी ठेकेदाराच्या बाजूने किती हॅम बोली पाहिल्यात? याच प्राधिकरणासाठी किंवा तुमच्या मोठ्या भागीदारासाठी सध्या काम करताय का? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायला जो अडखळतो त्याच्याकडे जाऊ नका. फी तासावर नको, टप्प्यांवर ठरवा: बोलीआधीचा अहवाल आणि क्वेरी, भागीदारांचा करार, फायनान्शियल क्लोजर. "काम लागलं तरच फी" असं कोणी म्हणालं तर सावध व्हा, निकालावर अवलंबून फी घेणं वकिलाला नियमानेच मना आहे. आणि पूर्ण कोटेशन झेपत नसेल तर फक्त पहिले दोन टप्पे घ्या. सातारा कोर्टातले तुमचे घरचे वकील जमिनीच्या तक्त्यासाठी सोबत ठेवा, त्यांना तलाठी कार्यालय आणि भूसंपादनाच्या फायली मुंबईकरांपेक्षा चांगल्या ठाऊक असतात.

वाद निवारणाच्या कलमाकडे शेवटी एकदा पाहायला सांगा, कारण तिथे अलीकडे बरंच बदललंय. जून 2024 मध्ये अर्थ मंत्रालयाने सूचना काढल्या, की सरकारी खरेदीच्या करारांत लवाद सर्रास घालू नये आणि घातला तर साधारण 10 कोटींखालच्या वादांपुरता. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं, की सरकारी पक्षाने एकतर्फी एकच लवाद नेमणं चालणार नाही. तुमच्या मसुद्यात लवाद आहे की थेट न्यायालय, यावर तुमचा अडकलेला पैसा किती वर्षांनी सुटेल हे ठरतं, आणि त्या वर्षांचं व्याजही बोलीतच धरायला हवं.

प्री-बिड क्वेरीची शेवटची तारीख तुम्ही लिहिलेली नाही. ती आधी आरएफपीत शोधा. दहा दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर कोटेशनवर घासाघीस करत बसू नका. जॉइंट बिडिंग अॅग्रीमेंटचा मसुदा आणि गावांची यादी घेऊन उद्याच भेट घ्या. क्वेरींचा कच्चा मसुदा इथे टाकलात तर मी आणि इथले बाकीचे जाणकार वाचून सांगू. कंपनीचं आणि प्रकल्पाचं नाव तेवढं झाका.