हावर्थच्या चर्चमध्ये ब्राँटे कुटुंबाच्या काळातले काय उरले आहे?

आपला प्रश्न असा आहे की, इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यातील हावर्थ येथे कादंबरीकार ब्राँटे भगिनींचे वडील ज्या अँग्लिकन चर्चचे धर्मगुरू होते ते चर्च आजही तसेच आहे का, आणि नसल्यास त्या परिसरात जुने असे काय पाहता येते. चर्च तसे राहिलेले नाही. आज तेथे उभे असलेले सेंट मायकेल अँड ऑल एंजल्स हे चर्च १८७९ ते १८८१ या काळात नव्याने बांधलेले आहे. जुन्या वास्तूपैकी फक्त मनोरा ठेवण्यात आला. मात्र चर्चभोवतीच्या इमारती आणि दफनभूमी यांतून त्या गावाचा इतिहास अजूनही चांगला वाचता येतो, आणि माझ्या मते तो ब्राँटे कुटुंबापुरता मर्यादित ठेवू नये.

मुळात हावर्थचे चर्च स्वतंत्र पॅरिशचे, म्हणजे एका धर्मगुरूच्या अखत्यारीतल्या वेगळ्या विभागाचे, नव्हते. ते ब्रॅडफर्डच्या मोठ्या पॅरिशमधले एक उपचर्च होते. नेमणुकीचा अधिकार ब्रॅडफर्डच्या धर्मगुरूंकडे असला, तरी पगाराचे उत्पन्न ज्या जमिनींतून येई त्या जमिनी गावच्या विश्वस्तांच्या ताब्यात असल्यामुळे, आपल्या संमतीशिवाय कोणीही येथे येऊ नये, असा गावकऱ्यांचा आग्रह असे. १८१९ मध्ये ही संमती न घेता ब्राँटे भगिनींचे वडील पॅट्रिक ब्राँटे यांचे नाव पुढे आले तेव्हा विश्वस्तांनी हरकत घेतली आणि ब्राँटे यांनी माघार घेतली. त्यानंतर सॅम्युएल रेडहेड यांना पाठवण्यात आले. पण त्यांच्या उपासनेच्या वेळी लोक लाकडी तळव्यांचे बूट वाजवत उठून गेल्याची हकिकत प्रसिद्ध आहे, आणि काही आठवड्यांतच त्यांनी पद सोडले. शेवटी तडजोड झाली, आणि एप्रिल १८२० मध्ये पॅट्रिक ब्राँटे पत्नी व सहा मुलांसह हावर्थला आले. ७ जून १८६१ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी मृत्यू येईपर्यंत ते तेथेच होते.

त्यांच्याही आधी हे चर्च नावाजले होते ते धर्मगुरू विल्यम ग्रिमशॉ यांच्यामुळे. १७४२ ते १७६३ या काळात ते येथे होते. त्यांच्या प्रवचनांना इतकी गर्दी होई की, चर्चची इमारत वाढवावी लागली. मेथडिस्ट या ख्रिस्ती धर्मचळवळीचे प्रसिद्ध प्रवचनकार जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड हे दोघेही येथे येऊन बोलले होते. ब्राँटे कुटुंबाने पाहिलेले चर्च हेच वाढवलेले चर्च होते: तीन मजली प्रवचनपीठ, दारे असलेली पेटीसारखी बाके, वरती सज्जे आणि जमिनीखाली दफने.

धर्मगुरूंचे निवासस्थान, म्हणजे पार्सनेज, १७७८-७९ मधले आहे. ते टेकडीच्या माथ्याकडे आहे आणि समोर व बाजूला दफनभूमी पसरलेली आहे. पाहुणे येथे आले की, उंच झाडांखालच्या त्या काळोख्या थडग्यांकडे पाहून ‘याच वातावरणात त्या मुली वाढल्या’ असे म्हणतात. हे बरोबर नाही, कारण ती झाडे नंतर लावलेली आहेत आणि ती लावण्यामागे आरोग्याचे कारण होते. पॅट्रिक ब्राँटे आणि गावकरी यांनी केलेल्या अर्जावरून बेंजामिन हर्शेल बॅबेज या सरकारी निरीक्षकाने १८५० मध्ये गावाची पाहणी करून अहवाल दिला. त्यानुसार येथे सरासरी मृत्युवय २५.८ वर्षे होते, आणि ४१.६ टक्के मुले सहा वर्षांची होण्याआधीच मरण पावत. उघडी गटारे, अपुरे शौचकूप आणि दूषित पाणी ही कारणे होतीच. शिवाय दफनभूमी दाटून गेली होती, आणि थडग्यांवर आडव्या सपाट शिळा टाकण्याच्या रिवाजामुळे तेथे काही उगवत नव्हते आणि मृतदेहांचे विघटन नीट होत नव्हते. माझ्यासाठी या संपूर्ण परिसरातील सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे या आडव्या शिळा होत. कोवळ्या वयात गेलेल्या मुलांची नावे त्यांच्यावर एकाखाली एक कोरलेली आहेत.

पार्सनेजजवळची शाळेची इमारत १८३२ ची असून ती पॅट्रिक ब्राँटे यांच्या खटपटीने उभी राहिली. शार्लट, एमिली आणि अ‍ॅन या ब्राँटे भगिनींपैकी शार्लटने येथील रविवारच्या शाळेत शिकवले, आणि १८५४ मधील विवाहानंतर तिने व पती आर्थर बेल निकल्स यांनी याच इमारतीत सुमारे ५०० गावकऱ्यांना चहापान दिले. ही साधी, बसकी इमारत बहुतेक जण ओलांडून पुढे जातात, याचे मला वाईट वाटते.

चर्च पाडण्याचा निर्णय पॅट्रिक यांच्यानंतर आलेल्या जॉन वेड यांचा होता. गिरणीमालक मायकेल मेरल यांनी ५,००० पौंड दिले आणि १४ सप्टेंबर १८७९ रोजी जुन्या चर्चमध्ये शेवटची उपासना झाली. वेड यांच्यावर त्या काळी कडक टीका झाली. ते चर्च गेल्याचे दुःख मलाही आहे, पण ओल धरलेल्या आणि जमिनीखाली दफने असलेल्या त्या वास्तूत दर रविवारी बसणाऱ्या लोकांची अडचण टीकाकारांना सोसावी लागत नव्हती, हेही लक्षात घ्यायला हवे. पार्सनेजला उत्तरेकडचा भाग जोडला तोही वेड यांनीच. तो वगळून पाहिले की मूळ घर डोळ्यांसमोर येते. हे घर १९२८ मध्ये सर जेम्स रॉबर्ट्स यांनी विकत घेऊन ब्राँटे सोसायटीला दिले, आणि तेव्हापासून तेथे संग्रहालय आहे.

नव्या चर्चच्या जमिनीखाली ब्राँटे कुटुंबाचे दफनाचे तळघर मात्र कायम आहे. अ‍ॅन स्कारबरोला पुरलेली आहे. बाकी सर्व येथेच आहेत, आणि तळघराची जागा पितळी पट्टीने दाखवलेली आहे. ती पाहून झाल्यावर बाहेर या आणि दफनभूमी व पार्सनेजची बाग यांमधली भिंत पाहा. ब्राँटे कुटुंब ज्या फाटकातून चर्चकडे जात असे आणि ज्यातून त्यांच्या शवपेट्याही नेल्या गेल्या, त्या फाटकाची जागा तेथे एका शिळेने दाखवली आहे.